भिंत आणि वारा : पेटीबंद उपकेंद्रांच्या तुलनेची प्रस्तावना

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ‘डीपी कुठंय?’ असं विचारा, शाळकरी पोरही बोट दाखवील. दोन खांब, मध्ये लोखंडी चौकटीवर चढवलेलं रोहित्र, वर ११ केव्हीच्या तीन तारा, खाली दार निखळलेली फ्यूजची पेटी आणि तिच्यात किटकॅटच्या जागी पिळून बसवलेली तार. रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या की साऱ्या मोटारी एकदम चालतात, डीपी जळते, मग वर्गणी, ट्रॅक्टर आणि तालुक्याच्या ऑफिसचे हेलपाटे. हे इतकं अंगवळणी पडलंय की अकरा हजार व्होल्टची वीज घरच्या दाबावर आणायची दुसरी काही रीत असेल, हे मनातही येत नाही.

दुसरी रीत आहे, आणि ती काही कालपरवाची नाही. उच्चदाबाचे स्विच, रोहित्र आणि लघुदाबाचं पॅनल कारखान्यातच एकत्र जोडायचं, तिथंच तपासायचं, ट्रेलरवरून आणून क्रेनने चौथऱ्यावर ठेवायचं. एका बाजूने ११ केव्हीची केबल आत, दुसऱ्या बाजूने ४३३ व्होल्टच्या केबली बाहेर. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या फाटकापाशी किंवा इस्पितळाच्या मागे कवटीची पाटी लावलेली जी पत्र्याची पेटी दिसते, ती हीच. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, तिच्यासाठी १९९५ मध्ये स्वतंत्र मानक काढलं. २००६ पासून ते ६२२७१-२०२ या क्रमांकाने ओळखलं जातं. आपल्याकडचं आयएस १४७८६ हेही २००० सालचं. नवं आहे ते एवढंच, की या पेट्या आता शहराची हद्द ओलांडून तालुक्यांत, देवस्थानांत, सौर प्रकल्पांत येऊ लागल्या आहेत. विक्रेता कुणी तिला पॅकेज म्हणतो, कुणी युनिटाइज्ड, कुणी पॅडमाउंट, कुणी स्किड; रंगीत कागदावर सगळ्याच ‘कमी जागेत मावणाऱ्या’ आणि ‘देखभालमुक्त’ असतात. त्यांतली कोणती कुठं घ्यावी, हा या पुस्तिकेचा विषय.

‘कोणती चांगली?’ या प्रश्नाला जागा सांगितल्याशिवाय उत्तर नसतं. म्हणून इथं बीड जिल्ह्यातलीच एक जागा धरली आहे: नारायणगड. संत नगद नारायण महाराजांचं हे ठाणं, या भागातल्या वारकऱ्यांची धाकटी पंढरी. अशा ठिकाणी एरवी भार तो किती? देवळाचे दिवे, भक्तांच्या खोल्यांतले पंखे, पाण्याची मोटर, स्वयंपाकघर, ध्वनिक्षेपक. एकादशीला थोडी भर. आणि मग दसरा. १२ ऑक्टोबर २०२४ ला मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांच्या दसरा मेळाव्याला या माळावर अफाट गर्दी लोटली. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला पुन्हा मेळावा झाला. त्यातलं राजकारण ज्याचं त्याने पाहावं. वीजवाल्याला तिथं दिसतो तो भाराचा आलेख: वर्षभर सपाट आणि एखाद-दोन दिवशी उभा सुळका. गडावर आज कोणती यंत्रणा आहे आणि ती योग्य की अयोग्य, हे सांगणं इथं अभिप्रेत नाही. उंचावरची, खडकाची, उन्हाची, धुळीची आणि अवचित गर्दीची जागा म्हणून गड समोर ठेवला आहे. अशा जागा मराठवाड्यात पुष्कळ आहेत.

सगळ्या प्रकारांच्या मुळाशी एकच भांडण आहे. रोहित्राला वारा हवा आणि माणसाला रोहित्रापासून आडोसा हवा. भिंत घातली की वारा अडतो. वारा मोकळा सोडला की माणूस उघडा पडतो. खांबावरची डीपी वाऱ्याच्या बाजूची. तिच्यासारखं थंड राहणारं रोहित्र कुठल्याही पेटीत सापडणार नाही, आणि तिच्यासारखं माणसं, गुरं, वानरं, मोर मारणारंही. (नायगावचं मयूर अभयारण्य याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात आहे, उघड्या बुशिंगवर पंख टेकणं म्हणजे काय, हे तिथल्या लाईनमनला विचारावं.) रात्रीत तेल काढून नेणाऱ्यांनाही डीपी तेवढीच मोकळी. पेटीचा प्रत्येक प्रकार म्हणजे या भांडणात केलेली एकेक तडजोड आहे. ती तडजोड कोणाच्या बाजूने झुकली आहे, हे कळलं की नावांचा गोंधळ बराचसा निवळतो.

आधी उष्णतेचं बघू, कारण कागदावर सगळ्यात कमी बोललं जातं ते तिच्याबद्दल. ६३० केव्हीएचं रोहित्र पूर्ण भाराने चालत असेल तर साधारण पाच-सहा किलोवॅट नुसते तापण्यात जातात. म्हणजे पत्र्याच्या बंद खोलीत तीन गिझर दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता झडपांच्या फटींतूनच बाहेर जायची. मानकाने यासाठी पेटीचे वर्ग ठरवले आहेत: ५, १०, १५, २०, २५ आणि ३०. उघड्यावर रोहित्राचं तापमान जितकं वाढलं असतं त्यापेक्षा पेटीत ते जास्तीत जास्त किती अंशांनी अधिक वाढेल, तो हा आकडा. वर्ग १० म्हणजे दहा अंश, वर्ग २० म्हणजे वीस. आकडा लहान तेवढी पेटी हवेशीर.

आता हे दहा-वीस अंश म्हणजे काय, ते रोहित्राच्या आतल्या कागदाला विचारावं. तांब्याच्या गुंडाळीवरचा साधा इन्सुलेशन कागद ९८ अंशांवर ज्या गतीने म्हातारा होतो, ती गती पुढच्या दर सहा अंशांना दुप्पट होते. म्हणजे दहा अंश जादा तापलं तर आयुष्य तिपटीने लवकर सरतं, वीस अंशांना दहापटीने. त्यात आयईसीची रोहित्रं ज्या हवामानासाठी आखलेली असतात त्यात वर्षाची सरासरी २० अंश आणि कमाल ४० धरलेली असते. बीडचा एप्रिल-मे ज्याने अंगावर घेतला आहे त्याला ही कमाल वाचून हसू येईल. भारतीय मानकाने म्हणूनच कमाल ५० आणि वर्षाची सरासरी ३२ धरली. तरीही परदेशी आराखड्यावरून उतरवलेल्या पेट्या आपल्याकडे येतात, आणि पाटीवर ६३० छापलेलं रोहित्र भर उन्हाळ्यात ६३० देऊ शकत नाही. याला उपाय आहे: मानकातच बाहेरचं तापमान आणि पेटीचा वर्ग धरून किती भार टाकावा याचे आलेख दिले आहेत. निविदा काढणाऱ्याने विक्रेत्याकडून तो आलेख आणि पेटीचा वर्ग लेखी मागावा. माझ्या अनुभवात हा प्रश्न विचारला की पहिल्यांदा शांतता पसरते, मग फोन फिरतात.

भिंतीच्या बाजूचं मोजमाप वेगळं. पेटीत शॉर्ट सर्किट होऊन ठिणगी पेटली, तर आतली हवा क्षणात फुगते, दार उडतं, तप्त वायूचा झोत बाहेर येतो. पेटी हा मार सोसते का, हे प्रयोगशाळेत मुद्दाम ठिणगी पाडून पाहतात. त्या वेळी पेटीभोवती काळ्या सुती कापडाचे तुकडे ताणून लावलेले असतात. फक्त कर्मचारी जवळ जाणार असतील तर ते कापड जाड, चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅमचं, आणि ३०० मिलिमीटर अंतरावर. सर्वसामान्य लोकांची ये-जा असेल तर तेच पातळ, ४० ग्रॅमचं, आणि अवघ्या १०० मिलिमीटरवर. पहिलं कामगाराच्या जाड कपड्यांसाठी, दुसरं उन्हाळ्यात माणसं घालतात त्या पातळ कपड्यांसाठी. कापड पेटलं की पेटी नापास. या चाचणीचे वर्ग आयएसी-ए, आयएसी-बी आणि दोन्ही मिळून एबी. पातळ सदरा, धोतर, नऊवारी नेसलेली माणसं जिथं सावली बघून पेटीलाच टेकून बसणार, तिथं एबीशिवाय दुसरा वर्ग मनात आणू नये. आणि दिंडी थकून येते तेव्हा ती पेटीलाच टेकते, कुंपण असलं तरी. हे गृहीतच धरावं.

या दोन मापांनी आता प्रकार तोलून पाहू.

आपल्याकडे ज्याला सरसकट कॉम्पॅक्ट सबस्टेशन म्हणतात, त्या पेटीला तीन कप्पे असतात: एकात रिंग मेन युनिट, मधल्यात रोहित्र, तिसऱ्यात लघुदाबाचे ब्रेकर. सगळं छपराखाली, सगळ्यांना दारं. माणसाच्या बाजूने पाहिलं तर ही सर्वांत निर्धोक तडजोड, आणि वाऱ्याच्या बाजूने सर्वांत महाग. धुळीपासून वाचवायला झडपांना बारीक जाळी लावली की वारा आणखी कमी. जाळी काढली की पाली, उंदीर, त्यांच्या मागे साप. गडासारख्या माळावर दर पंधरा दिवसांनी झडपा झाडणं हे देखभालीच्या वहीत लिहून ठेवण्याचं काम आहे. ‘देखभालमुक्त’ हा शब्द इथेच गळून पडतो.

युनिटाइज्ड उपकेंद्रात हेच तीन भाग मधली केबल टाळून एकमेकांना थेट बोल्टने जोडलेले असतात, पण रोहित्राच्या टाकीचे रेडिएटर उघड्यावर राहतात. वारा मिळतो, लांबी कमी होते, किंमतही. माणूस मात्र गरम टाकीपर्यंत पोचू शकतो, म्हणून भोवती कुंपण हवं, आणि कुंपण धरलं की ‘कमी जागे’तली निम्मी बचत गेली. माळावर जागेची टंचाई नसते. टंचाई असते ती वेळेवर येणाऱ्या माणसाची. त्यामुळे गडासारख्या ठिकाणी कुंपणातलं युनिटाइज्ड हे मला शहरी तीन कप्प्यांच्या पेटीपेक्षा पुष्कळदा जास्त शहाणपणाचं वाटतं. शहरातला अभियंता याच्याशी सहमत होणार नाही, आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल.

पॅडमाउंट ही अमेरिकेची चाल. तिथं वस्त्यांतल्या हिरवळीवर ही हिरवी खोकी १९६० च्या दशकापासून बसत आली. त्यात वेगळी पेटीच नसते. रोहित्राची टाकी हीच बाहेरची भिंत, स्विच आणि फ्यूज तेलातच बुडालेले, आणि केबली रबरी कोपरांनी जोडलेल्या, त्यामुळे दार उघडलं तरी समोर उघडं तांबं दिसत नाही. भिंत आणि वारा यांचं भांडण इतक्या चलाखीने दुसऱ्या कुणी मिटवलेलं नाही. मग आपल्याकडे ती फारशी का दिसत नाही? कारण ते रबरी कोपर आणि ते फ्यूज तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत, आणि ते लांब काठीने ओढायचं शिक्षण आपल्या आयटीआयमधून निघालेल्या वायरमनला सहसा मिळालेलं नसतं. स्विच तेलात असल्यामुळे एक बिघाड झाला तर सगळं तेल काळवंडतं. यंत्र सरस असून उपयोगाचं नाही, असं अनेकदा होतं, हे त्यातलंच.

युरोपात काँक्रीटच्या तयार खोल्या बसवतात. गंजत नाहीत, उन्हात पत्र्यासारख्या भाजत नाहीत. पण वजन टनांत दोन आकडी, आणि गडाच्या चढावर तेवढी क्रेन नेणं हाच एक स्वतंत्र सोहळा. जमिनीखालचं उपकेंद्रही आता आपल्या देशात आलं आहे: २०२३ मध्ये बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये ५०० केव्हीएचं रोहित्र पदपथाखाली बसलं. फुटाफुटाला भाव असलेल्या शहरात ते शोभतं. माळावर खडक फोडून रोहित्र पुरण्याचं काही कारण नाही.

तेलाऐवजी राळेत ओतलेल्या गुंडाळीचं कोरडं रोहित्र घ्यावं का, हा प्रश्न देवस्थानांतून हटकून येतो, कारण मंडपाजवळ तेल म्हणजे आगीची भीती. भीती रास्त आहे. पण कोरडं रोहित्र धूळ आणि ओल सोसत नाही, त्याला पेटीही दाट लागते, आणि दाट पेटी म्हणजे पुन्हा उष्णता. इमारतीच्या आत ते हवंच. उघड्यावर, मंडपापासून अंतर राखता येत असेल तर तेलाचंच बरं. आणि अंतर राखता येत नसेल तर खनिज तेलाऐवजी एस्टर द्रव, जो ३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय जळत राहत नाही.

स्किडचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण मराठवाड्यातल्या बहुतेकांना आयुष्यातलं पहिलं तयार उपकेंद्र दिसणार आहे ते सौर प्रकल्पात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा सुरू झाला. अशा ठिकाणी इन्व्हर्टर, रोहित्र आणि स्विच एका लोखंडी तराफ्यावर बसवून आणतात. पाण्याअभावी २०१३ मध्ये ज्या बीड जिल्ह्याचं परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, तिथं पाणी न पिणाऱ्या या विजेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण सौर स्किड पाहून कुणी ‘हेच गडावर बसवा’ म्हणालं तर थांबवावं. त्याचं रोहित्र इन्व्हर्टरच्या विजेसाठी वेगळं बांधलेलं असतं, दिवसा तापतं आणि रात्री निवतं, आणि भोवती कुंपण घालून माणसं लांब ठेवलेली असतात. गडाचा भार संध्याकाळच्या कीर्तनाचा, आणि माणसं लांब ठेवायला गड थोडाच असतो.

रिंग मेन युनिटबद्दल एक तक्रार नोंदवतो. त्याचं सगळं मोल दोन वाटांत आहे: एका बाजूची लाईन गेली की दुसरीकडून वीज घ्यायची. माळावरच्या ठिकाणी बहुधा एकच फिडर येतो. वाट एकच असताना दुसरा स्विच वर्षानुवर्षं रिकामा उभा राहतो आणि त्याचे पैसे मात्र मोजले जातात. आधी दुसरी लाईन मागा, मग रिंग. शिवाय यातल्या बहुतेकांत एसएफ६ वायू भरलेला असतो, जो कर्बवायूच्या तुलनेत सुमारे २३,५०० पट तापवतो. युरोपीय संघाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे वायू १ जानेवारी २०२६ पासून बंद केले. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण पंचवीस-तीस वर्षं टिकायची वस्तू घेताना कोरडी हवा आणि व्हॅक्यूमचा पर्याय विचारून तरी पाहावा.

आणि अर्थिंग. पुस्तिकेतलं यावरचं प्रकरण मोठं झालं आहे, त्याला इलाज नाही. बालाघाटच्या मुलखात वीतभर मुरूम आणि खाली काळा कातळ. कातळ वीज जिरवत नाही. पावसाळ्यात मोजलेला रोध मे महिन्यात कितीतरी पटीने चढतो, आणि तपासणी नेमकी पावसाळ्यातच झालेली असते. पेटी लोखंडी, माणूस तिला टेकलेला, आणि आत गळती: अशा वेळी त्याचा जीव त्या खड्ड्यातल्या पट्टीवर असतो. मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतणं ही जुनी रीत वाईट नाही, पण कातळावर तेवढ्याने भागत नाही. पट्टी उतारावरच्या मातीपर्यंत, शक्य तर विहिरीच्या ओलीपर्यंत न्यावी लागते. उंच जागेवर वळवाच्या विजाही पडतात. ओव्हरहेड लाईन जिथं केबल होऊन जमिनीत शिरते त्या खांबावर लाइटनिंग अरेस्टर नसेल, तर बाकीची सगळी पेटी त्या एका कडकडाटाच्या भरवशावर आहे.

दसऱ्याच्या सुळक्याचं काय? त्याच्या मापाचं रोहित्र घेऊ नये. रिकाम्या ६३० केव्हीएचा नो-लोड लॉस सातशे-आठशे वॅट धरला, तरी वर्षाला सहा-सात हजार युनिट काही न करता जातात. रोजच्या भाराचं एक कायम रोहित्र, एकादशीला जोडायचं दुसरं, आणि मेळाव्यासाठी महावितरणची तात्पुरती जोडणी किंवा ट्रॉलीवरचं उपकेंद्र, जोडीला डिझेल जनरेटर. असा हिशेब पुढच्या प्रकरणांत आकड्यांसह मांडला आहे. थंडावलेलं तेलाचं रोहित्र रात्रीचे चार-सहा तास पाटीपेक्षा थोडा जादा भार सहज सोसतं, हेही त्या हिशेबात धरलं आहे. पेटीत ही सवलत वर्गाप्रमाणे आक्रसते.

शेवटी मालकी. संस्थानने उच्चदाबाची जोडणी घेतली तर पेटी संस्थानची: तिची चावी, तेलाची तपासणी, सुरू करण्याआधीची विद्युत निरीक्षकाची परवानगी, सगळं विश्वस्तांच्या माथी. लघुदाबावर राहिलं तर हे सारं महावितरणकडे, पण पेटी कोणती यावी हेही मग त्यांच्याच हाती. पहिला मार्ग धरणाऱ्याने निविदेत दाराचं माप लिहिताना एक ओळ विसरू नये: रोहित्र जळालं तर ते छप्पर उचलून काढायचं की बाजूने सरकवून, आणि त्यासाठी पेटीसमोर किती जागा कायम मोकळी राहणार. ती जागा मोकळी ठेवली नाही, तर पुढच्या दोन वर्षांत तिथं चपलांचं स्टॅंड, पाण्याची टाकी किंवा प्रसादाचं दुकान उभं राहतं, आणि क्रेन गडाच्या पायथ्याशी उभी असते.